आकड्यांना वाचा देणारी परिचारिका

रात्रीची नीरव वेळ, जखमी शिपायांच्या खाटांच्या लांबच लांब रांगा, आणि त्या रांगांमधून हातात दिवा घेऊन हलक्या पावलांनी फिरणारी एक परिचारिका! फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे हे चित्र साऱ्या जगाच्या परिचयाचे आहे. त्या दिव्याने कित्येक दुःखितांना धीर दिला, हे खरेच. परंतु त्या दिव्याचा उजेड फार तर एका दालनापुरता पडत असे. युद्ध संपल्यावर याच स्त्रीने कागदावर एक रंगीत आकृती काढली, आणि तिच्या उजेडात एका बलाढ्य राष्ट्राला आपली मोठी चूक दिसली. त्या आकृतीची हकीकत दिव्याच्या हकीकतीइतकी प्रसिद्ध नसली, तरी योग्यतेने ती तिळमात्रही कमी नाही.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत झाला. तिचे आईवडील त्या वेळी प्रवासात होते. मुलीचा जन्म ज्या गावी झाला, त्या गावाचेच नाव त्यांनी तिला ठेवले. नाइटिंगेल घराणे इंग्लंडमधील सधन घराण्यांपैकी एक होते. राहावयास दोन प्रशस्त घरे, हाताशी नोकरचाकर, कशाचीही उणीव नव्हती. फ्लॉरेन्सचे वडील विद्याव्यासंगी होते. मुलींना उच्च शिक्षण देण्याची त्या काळी चाल नसतानाही त्यांनी फ्लॉरेन्स व तिची थोरली बहीण पार्थेनोपी या दोघींना स्वतः इतिहास, तत्त्वज्ञान, लॅटिन आणि ग्रीक हे विषय शिकविले. फ्लॉरेन्सचे मन मात्र गणितात विशेष रमे. वस्तूंच्या याद्या करणे, त्यांची वर्गवारी लावणे, तक्ते मांडणे यांत तिला लहानपणापासून गोडी वाटे. वयात आल्यावर तिने गणिताचे अधिक शिक्षण घेण्याची इच्छा बोलून दाखविली. गणिताचा मुलीला काय उपयोग, असा प्रश्न घरात उभा राहिला. परंतु तिने आपला हट्ट सोडला नाही.

पुढे तिने आजाऱ्यांच्या सेवेला वाहून घेण्याचे ठरविले, तेव्हा तर घरात वादळच उठले. त्या काळची रुग्णालये अस्वच्छ असत आणि परिचारिकेच्या व्यवसायाला समाजात मुळीच प्रतिष्ठा नव्हती. प्रतिष्ठित घरातील मुलीने तो व्यवसाय पत्करावा, ही कल्पना तिच्या आईला सहन होण्यासारखी नव्हती. कित्येक वर्षे फ्लॉरेन्सला मन मारून राहावे लागले. पण ती स्वस्थ बसली नाही. पहाटे उठून ती निरनिराळ्या देशांतील रुग्णालयांचे अहवाल वाची आणि त्यांतील माहिती टिपून ठेवी. अखेर १८५१ साली जर्मनीतील कैसरवर्थ येथील संस्थेत तिने रुग्णसेवेचे शिक्षण घेतले, आणि १८५३ साली लंडनमधील एका लहान रुग्णालयाची व्यवस्था तिच्याकडे आली.

पुढच्याच वर्षी क्रिमियाच्या युद्धात इंग्लंड व फ्रान्स हे देश तुर्कस्तानच्या बाजूने रशियाविरुद्ध उतरले. आजारी व जखमी इंग्रज शिपायांना काळ्या समुद्रातून जहाजाने स्कुटारी येथे आणीत. हे ठिकाण कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या, समोरील किनाऱ्यावर आहे. तेथील शिपायांची दैना वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध होताच इंग्लंडमध्ये हलकल्लोळ माजला. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे फ्लॉरेन्सचे स्नेही होते. त्यांनी तिला पाचारण केले. ३८ परिचारिका बरोबर घेऊन ती निघाली आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजी स्कुटारीला पोहोचली.

तेथील दृश्य अंगावर शहारे आणणारे होते. एका अवाढव्य बराकीचेच रुग्णालय करण्यात आले होते. इमारतीखालची गटारे तुंबलेली होती. हवा खेळण्यास वाव नव्हता. अंथरुणे, कपडे, औषधे, साबण, सर्वांचीच टंचाई होती. फ्लॉरेन्सने स्वयंपाकघर सुरू केले, कपडे धुण्याची व्यवस्था लावली, सामान मिळविले, अहोरात्र खपून रुग्णांची शुश्रूषा केली. तरीही त्या हिवाळ्यात माणसे मरतच होती. १८५५ च्या फेब्रुवारीत रुग्णालयातील मृत्यूंचे प्रमाण शेकडा ४२ च्या वर गेले. मार्च महिन्यात सरकारने आरोग्य व बांधकाम यांतील जाणकारांचे एक मंडळ स्कुटारीला पाठविले. त्यांनी गटारे धुऊन मोकळी केली, पाणी येण्याच्या वाटेतील घाण उपसून काढली, भिंतींना चुना दिला, हवेसाठी मार्ग केले. अन्नवस्त्राचा पुरवठाही एव्हाना सुधारू लागला होता. जूनपर्यंत मृत्यूंचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास उतरले.

१८५६ साली युद्ध संपले. फ्लॉरेन्स मायदेशी परतली, तेव्हा तिच्या स्वागताची जंगी तयारी चालली होती. तो सोहळा टाळून ती गुपचूप आपल्या घरी गेली. युद्धभूमीवर जडलेल्या तापाने तिची प्रकृती पोखरली होती. पण त्याहून मोठे दुःख तिच्या मनाला लागले होते. जे हजारो तरुण परत आले नाहीत, ते का मेले? आणि पुन्हा असे घडू नये म्हणून काय करावे? या प्रश्नांनी तिला चैन पडू दिले नाही.

उत्तर शोधावयाचे तर आकडे हवेत, हे ती जाणून होती. परंतु स्कुटारीतील नोंदी म्हणजे सावळा गोंधळ होता. निरनिराळ्या वह्यांतील मृतांच्या संख्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. विल्यम फार हे त्या काळचे थोर संख्याशास्त्रज्ञ. इंग्लंडमधील जन्ममृत्यूंच्या नोंदींचे काम ते पाहत. त्यांच्या साहाय्याने फ्लॉरेन्सने युद्धातील प्रत्येक महिन्याचे आकडे तपासले. मरणाची कारणे तिने तीन गटांत विभागली. पहिला गट टाळता येण्याजोग्या किंवा सौम्य करता येण्याजोग्या रोगांचा, दुसरा लढाईतील जखमांचा आणि तिसरा इतर सर्व कारणांचा.

येथे एक अडचण होती. सैन्याची संख्या दर महिन्याला बदलत होती. १८५४ च्या एप्रिलमध्ये सैन्य ८,५७१ होते, तर १८५५ च्या जानेवारीत ते ३२,३९३ झाले होते. सैन्य मोठे झाले की मृत्यूही अधिक दिसणार. म्हणून नुसत्या मृतांच्या संख्या शेजारी शेजारी मांडल्या, तर पाहणाऱ्याची फसगत होण्याचा संभव. यासाठी तिने प्रत्येक महिन्याचा दर काढला. त्या महिन्याच्या गतीने मरणे चालू राहिली, तर दर हजार शिपायांमागे वर्षाला किती मृत्यू होतील, असा तो हिशेब होता. आता कोणताही महिना कोणत्याही महिन्याशी ताडून पाहता येऊ लागला.

या हिशेबातून जे निघाले ते भयंकर होते. १८५५ च्या एकट्या जानेवारी महिन्यात ३,१६८ शिपाई मरण पावले होते. त्यांपैकी जखमांनी मेले अवघे ८३. इतर कारणांनी ३२४. आणि टाळता येण्याजोग्या रोगांनी तब्बल २,७६१! दर महिन्याला इतकीच माणसे दगावत राहिली असती आणि नवी कुमक आली नसती, तर एक वर्ष पुरे होण्यापूर्वीच ते सारे सैन्य केवळ रोगांनी गारद झाले असते. शत्रूच्या तोफांना जे साधले नाही, ते घाणीने साधले होते.

या आकड्यांत फ्लॉरेन्सला स्वतःलाही एक कटू सत्य वाचावे लागले. स्कुटारीला असताना तिची समजूत अशी होती, की शिपाई मुळातच उपासमारीने व थंडीने खंगून येतात, आणि म्हणून मरतात. परंतु आकडे सांगत होते, की रुग्णालयाची घाणेरडी जागा हेच मृत्यूचे मोठे कारण होते. ज्या रुग्णालयात तिने रात्रीचा दिवस केला, ज्या रुग्णालयामुळे तिची कीर्ती झाली, तेथेच त्या हिवाळ्यात मृत्यूचे थैमान सर्वांत अधिक होते. ही गोष्ट झाकून ठेवणे तिला अशक्य नव्हते. देश तिच्यावर फुले उधळीत होता. तिला जाब विचारणारे कोणीही नव्हते. तरी तिने ते आकडे दडविले नाहीत. स्वतःच्या कीर्तीपेक्षा पुढील शिपायांचे प्राण तिला मोलाचे वाटले.

१८५७ साली लष्कराच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी एक राजकीय आयोग नेमण्यात आला. स्त्री असल्यामुळे फ्लॉरेन्सला त्याचे सभासद होता आले नाही. पण आयोगाच्या कामामागील प्रेरणा तिचीच होती. तिने शेकडो पानांचा अहवाल लिहिला. मात्र तिला एक गोष्ट पुरती ठाऊक होती. आकड्यांचे तक्ते जाणकारांखेरीज कोणी वाचीत नाही. राणी, मंत्री, सेनापती, पार्लमेंटचे सभासद यांना तितकी सवड व आवड कोठून असणार? कानांनी ऐकून जे मनात शिरत नाही, ते डोळ्यांवाटे शिरावे, म्हणून आकड्यांचे चित्र काढण्याचे तिने ठरविले. अशी चित्रे काढणारी ती पहिलीच होती, असे नव्हे. फार यांनीही पटकीच्या साथीच्या अहवालात वर्तुळाकार आकृत्या दिल्या होत्या. पण राज्यकर्त्यांचे मन वळविण्यासाठी या साधनाचा इतका प्रभावी उपयोग तोपर्यंत क्वचितच कोणी केला असेल.

तिची पहिली आकृती अशी होती : मध्यबिंदूपासून बारा महिन्यांच्या बारा रेषा बाहेर निघत. ज्या महिन्याचा मृत्युदर जितका अधिक, तितकी त्या महिन्याची रेषा लांब. रेषांची टोके जोडून आतला भाग रंगविला, की वटवाघळाच्या पसरलेल्या पंखासारखा आकार दिसे. इंग्लंडमधील मँचेस्टर हे शहर त्या काळी अनारोग्यासाठी कुप्रसिद्ध होते. तेथील मृत्युदर दाखविणारे एक लहानसे वर्तुळही तिने त्याच आकृतीत काढले. त्या बदनाम शहरापेक्षाही सैन्याची अवस्था किती वाईट होती, हे पाहणाऱ्याच्या एका दृष्टिक्षेपात ध्यानी येई.

आकृती ठसठशीत होती. परंतु तिच्यात एक दोष राहून गेला होता. एका चौरसाची बाजू दुप्पट केली, तर त्याचे क्षेत्रफळ दुप्पट होत नाही, चौपट होते. बाजू तिप्पट केली, तर क्षेत्रफळ नऊपट होते. वर्तुळाच्या तुकड्यांनाही हाच नियम लागू पडतो. फ्लॉरेन्सने मृत्युदर रेषेच्या लांबीने दाखविला होता. पण पाहणाऱ्याचा डोळा लांबी मोजीत बसत नाही, त्याला रंगविलेल्या भागाचा विस्तार दिसतो. म्हणजे दर दुप्पट झाला असता चित्रात तो चौपट झाल्याचा भास होई. आकडे खरे, रेषाही खऱ्या, आणि तरी चित्र मात्र राईचा पर्वत करीत होते.

हा दोष फ्लॉरेन्सच्या पथ्यावर पडणारा होता, हे येथे विसरता कामा नये. मृत्यू जितके अधिक दिसतील, तितके लोकांचे मन अधिक द्रवणार होते. तिचा हेतूही उदात्त होता. थोडी अतिशयोक्ती झाली तर काय बिघडले, असे म्हणून एखादा गप्प राहिला असता. फ्लॉरेन्स गप्प राहिली नाही. चूक दाखविणारी चिठ्ठी तिने छापील पुस्तकात घातली, आणि आकृती नव्याने काढली.

ही नवी आकृती १८५८ साली तयार झाली आणि तीच पुढे जगप्रसिद्ध झाली. तिच्यात दोन फुले शेजारी शेजारी काढावीत तशी दोन वर्तुळाकार चित्रे आहेत. उजवीकडील चित्र एप्रिल १८५४ ते मार्च १८५५ या वर्षाचे, आणि डावीकडील त्यापुढील वर्षाचे. प्रत्येक चित्रात बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या. सर्व पाकळ्यांचा कोन सारखाच, ३० अंशांचा. परंतु लांबी निरनिराळी. या वेळी पाकळीची लांबी दराच्या प्रमाणात न ठेवता तिचे क्षेत्रफळ दराच्या प्रमाणात ठेवलेले आहे. दर चौपट झाला, तर पाकळीची लांबी दुप्पटच होते आणि क्षेत्रफळ बरोबर चौपट भरते. डोळ्याला जे दिसते, तेच आकडा सांगतो.

रंगही तिने विचारपूर्वक योजले. टाळता येण्याजोग्या रोगांसाठी निळा, जखमांसाठी तांबडा, इतर कारणांसाठी काळा. प्रत्येक रंगाचे क्षेत्र मध्यबिंदूपासून मोजावयाचे. आकृती कशी वाचावी, हे तिने त्याच कागदावर थोडक्या व स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले, म्हणजे कोणाचा गैरसमज होऊ नये. पहिल्या वर्षाच्या चित्रात मध्याजवळ तांबड्या रंगाचे लहानसे तुकडे दिसतात, आणि त्यांच्याभोवती निळ्या रंगाच्या अक्राळविक्राळ पाकळ्या कागद व्यापून टाकतात. दुसऱ्या वर्षाच्या चित्रात त्याच पाकळ्या आक्रसत जातात. जानेवारी १८५६ मध्ये सैन्य ४४,२१२ इतके मोठे होते. तरी टाळता येण्याजोग्या रोगांनी त्या महिन्यात मेले केवळ ४२. हातच्या काकणाला आरसा कशाला? दोन चित्रे शेजारी पाहिली, की वेगळ्या प्रवचनाची गरजच उरत नसे.

शांततेच्या काळातील सैन्याविषयीही तिने एक साधी आकृती काढली. तिच्यात इंग्लंडमधील सामान्य पुरुष आणि इंग्लंडमधीलच बराकीत राहणारे शिपाई यांच्या मृत्युदराच्या आडव्या पट्ट्या एकीखाली एक मांडलेल्या होत्या. २० ते २५ वर्षांच्या सामान्य तरुणांपैकी हजारी ८.४ मरत, तर त्याच वयाच्या शिपायांपैकी हजारी १७. शिपाई तर पारखून घेतलेली धट्टीकट्टी माणसे! लढाई नसताना ती इतरांच्या दुप्पट संख्येने मरतात, याचा अर्थ त्यांच्या राहण्याच्या जागेतच दोष आहे, हे त्या पट्ट्यांनी सिद्ध केले.

या आकृत्या फ्लॉरेन्सने छापून राणी व्हिक्टोरियापासून मंत्री, अधिकारी व डॉक्टर यांच्यापर्यंत पोहोचविल्या. जुन्या वळणाच्या काही अधिकाऱ्यांना त्या रुचल्या नाहीत. पण त्या खोट्या ठरविणे कोणाला शक्य झाले नाही. हळूहळू सुधारणा होऊ लागल्या. बराकींना खिडक्या व झरोके आले, गटारे व पाणी यांची नीट सोय झाली, लष्करी डॉक्टरांसाठी विद्यालय निघाले, आणि सैन्यातील आजार व मृत्यू यांच्या व्यवस्थित नोंदी ठेवण्यात येऊ लागल्या. लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने तिला आपले सभासदत्व दिले. हा मान मिळविणारी ती पहिलीच स्त्री होय. १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात तिच्या नावाने परिचारिकांचे विद्यालय सुरू झाले, आणि ज्या व्यवसायाला एकेकाळी प्रतिष्ठा नव्हती, त्याला मानाचे स्थान प्राप्त झाले.

हिंदुस्थानशीही तिचा निकटचा संबंध आला. येथील छावण्यांत इंग्रज शिपायांचा मृत्युदर वर्षाला हजारी ६९ होता. १८५९ साली त्याच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला, तेव्हा फ्लॉरेन्सने छावण्या-छावण्यांकडे प्रश्नावल्या धाडून माहिती मागविली. पाण्याची व सांडपाण्याची दुर्व्यवस्था दाखविण्यासाठी आपल्या एका आप्त स्त्रीकडून तिने चित्रेही काढवून घेतली. १८७३ च्या सुमारास हा दर हजारी १८ पर्यंत खाली आला. पुढे भोवतालची गावे रोगट असतील, तर छावणी निरोगी राहणार नाही, हे ओळखून तिने येथील शेतकरी, दुष्काळ, कालवे आणि ग्रामसफाई यांचा अभ्यास आरंभिला. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार असे. हिंदुस्थानात येण्याचा योग मात्र तिला कधीच आला नाही.

क्रिमियाहून परतल्यानंतर तिच्या आयुष्याचा बराचसा काळ आजारपणात, अंथरुणाला खिळून गेला. तरी त्या खोलीतून अहवाल, पत्रे आणि तक्ते यांचा ओघ अखंड वाहत राहिला. १९०७ साली इंग्लंडच्या राजाने तिला 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा सन्मान दिला. तो मिळविणारी ती पहिली स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, तिने देह ठेवला. राष्ट्रातील थोर पुरुषांच्या शेजारी, वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये तिचे दफन करण्याची तयारी होती. परंतु तिच्या इच्छेस अनुसरून आप्तांनी तो मान नम्रपणे नाकारला. ईस्ट वेलो या लहानशा खेड्यात तिची समाधी आहे. तिच्यावर संपूर्ण नावही नाही. जन्ममृत्यूच्या तारखा आणि 'एफ. एन.' एवढी दोनच अक्षरे आहेत.

आपल्या स्वतःविषयी तिने दोन अक्षरांहून अधिक काही लिहू दिले नाही. परंतु ज्यांचे बोलणे कायमचे थांबले होते, त्या हजारो शिपायांच्या वतीने ती जन्मभर बोलत राहिली. त्यासाठी तिने आकड्यांना वाचा दिली, आणि त्या वाणीत असत्याचा एक शब्दही मिसळू दिला नाही. तिचा दिवा केव्हाच विझला. सत्य सोपे करून सांगावे, पण सोपे करताना ते वाकवू नये, हा तिच्या आकृतीने घालून दिलेला धडा मात्र अजून उजेड देत आहे.